मँचेस्टरवाल्यांचं पान

सासरचं आडनाव दगडावर कोरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते एका शनिवारी दुपारी, दुकानात, एका गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम बसवलेली असताना. धरमपेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासते. काच बदलायची आणि विचारायचं, आता नीट दिसतं की मघाशी दिसत होतं? बहुतेक माणसं परीक्षेला बसल्यासारखी घाबरतात आणि दोन्ही सारखंच म्हणून मोकळी होतात. त्या दिवशीचे काकाही तेच म्हणाले, आणि तेवढ्यात काउंटरवरचा फोन थरथरला. वेदिकाने, माझ्या मुलीने, मँचेस्टरहून फोटो पाठवला होता. काळपट हिरवा दगड, भोवती ओलं गवत, आणि इंग्रजी अक्षरांत देवराव हरकरे, नागपूरचा. खाली जन्म-मृत्यूची सालं, त्याखाली 'विसावला', आणि आणखी खाली त्याच दगडावर एका बाईचं नाव, ॲनी, वरील गृहस्थाची पत्नी. मृत्यूचं साल एकोणीसशे अडतीस होतं. मी काकांच्या डोळ्यासमोर भलतीच काच टाकली असणार, कारण ते म्हणाले, आता तर भिंतही दिसत नाही बाई.

अडतीस साली गेलेल्या या माणसाला आमच्या घराने वीस साली जाळलं होतं. देवराव म्हणजे माझ्या नवऱ्याचे पणजोबा. नागपुरात कापडाच्या गिरण्या जोरात होत्या तेव्हा सूतकताईची यंत्रं शिकायला म्हणून ते बायको आणि तान्हं मूल मागे ठेवून मँचेस्टरला गेले. पहिली दोन-तीन वर्षं खुशाली कळत राहिली, मग काहीच नाही. माणूस बेपत्ता झाला की बारा वर्षं वाट पाहायची आणि मग त्याचा पालाशविधी करायचा, अशी आमच्याकडची रीत. पळसाच्या देठांचा माणूस बांधायचा, डोक्याच्या जागी नारळ, वर पांढरं वस्त्र, आणि खरंच कोणी गेल्यासारखं त्याला तिरडीवर घालून कन्हान नदीच्या काठी नेऊन जाळायचं. देवरावांचं तसं सगळं यथासांग झालं. बायकोचं कुंकू पुसलं, सुतक पाळलं. गेल्याची तिथी ठाऊक नाही म्हणून त्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला, आणि त्या दिवशी त्यांच्यासाठी वेगळं पान मांडायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, खीर आधी मँचेस्टरवाल्यांच्या पानावर वाढायची, ते लांबून येतात. मी तीसेक वर्षं वाढत आले. गवारीची भाजी, भोपळा, आमसुलाची चटणी, वडे. म्हणजे या घरात अठरा वर्षं एका जित्याजागत्या माणसाला पितर म्हणून जेवू घातलं जात होतं, आणि तो तिकडे ॲनी नावाच्या बाईशी संसार करत होता. मला आधी हसू आलं. नंतर ते हसू आंबलं.

कारण यंदाच्या अमावास्येला सुमंतचा विधी करायचा होता. सुमंत माझा नवरा. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी डबा घेऊन कोराडीच्या बसला गेला. तिथल्या वीज केंद्रात तो हिशेबाच्या विभागात होता. दिवसभर काम केलं, संध्याकाळी सगळ्यांबरोबर फाटकाबाहेर आला, आणि शहराकडच्या बसला न थांबता रस्ता ओलांडून पलीकडे गेला. पलीकडच्या बस सावनेर, छिंदवाड्याकडे जातात. एका सोबत्याने हे पाहिलं आणि त्याला वाटलं, काही काम असेल. भांडण नव्हतं. लोकांना भांडण हवं असतं, निदान एखादी बाई तरी हवी असते. मी कितीतरी जणांना निराश केलं. त्याचं फक्त बोलणं कमी होत गेलं होतं, इतकं हळूहळू की मी ते वयावर ढकललं. राखेच्या डोंगराकडे खिडकी असलेल्या खोलीत तो दिवसभर बसायचा आणि घरी आल्यावर बाही झटकायचा, बाहीवर काही नसलं तरी. पोलीस झाले, जाहिराती झाल्या. कोणी त्याला ओंकारेश्वरला पाहिलं, कोणी अमरकंटकला. दोन्हीकडे मी गेले. दोन्हीकडे घाटावर शेकडो पाठमोरी माणसं बसलेली होती आणि प्रत्येक पाठ त्याची असू शकत होती. त्यानंतर मी शोधणं सोडलं, कुंकू लावणं सोडलं नाही.

हट्ट सासूबाईंचा होता. सुभद्राबाई आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत, माहेर वर्ध्याकडचं खेडं, बोलणं अजून तिकडचंच. जेवताना हात थांबवून म्हणतात, त्यानं खाल्लं असन का. रोज, दोन्ही वेळा. श्रावणात एका दुपारी मला जवळ बसवून त्यांनी सांगितलं ते मात्र शांतपणे सांगितलं. "मेला म्हणून नाही म्हणत मी. पण कुठं उपाशी फिरून राहिला असन तर? एकदा विधी झाला का त्याच्या नावाचं पान तर मांडता येते. मले बी जायचं आहे आता." धाकटा दीर गिरिधर वरच्या मजल्यावर राहतो. त्याची बायको मिनल चार वर्षांमागे कावीळ होऊन गेली. दीर असला तरी माझ्याशी तो जपून बोलतो. त्याने एवढंच सांगितलं की वहिनी, अग्नी मी देईन, पण तुम्ही हो म्हणाल तरच. मी हो म्हणाले. बारा वर्षं मी एका उंबऱ्यावर उभी होते, आत नाही की बाहेर नाही. सणाला सवाष्ण म्हणून बोलवायचं की नाही यावर बायका माझ्यासमोरच डोळ्यांनी बोलायच्या. म्हटलं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे.

आणि मग हा दगड. वेदिकाला तिथे जाऊन दोन वर्षं झाली होती. खापरपणजोबांचा माग काढणं हे तिचं रविवारचं खूळ, असं मी दुकानात हसत सांगायची. पण मला ठाऊक होतं की बाप गेला तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आणि ओंकारेश्वरला माझा हात धरून प्रत्येक पाठीला वळसा घालून तोंड पाहून आली होती. तिला कोणीतरी सापडायला हवं होतं, मग तो शंभर वर्षांपूर्वीचा का असेना. रविवारी ती निघायची आणि फोनवर मलाही सोबत न्यायची. तिच्याकडे दुपार, माझ्याकडे दिवेलागण. देवराव राहिले ती पहिली गल्ली आता नव्हतीच. एका भिंतीवर गल्लीच्या नावाची पाटी होती आणि भिंतीपुढे मोटारी उभ्या होत्या. दुसरं घर पाडून तिथे औषधांचं दुकान झालं होतं. तिसरं शिल्लक होतं. लाल विटांची एकाला एक चिकटलेली घरं, दारं थेट फरशीवर उघडणारी, आणि शेवटी आकाशात घुसलेलं एक धुराडं, ज्यातून आता काहीच निघत नाही. मी म्हटलं, हे तर आपल्याकडच्या बंद गिरणीमागच्या चाळींसारखं दिसतं. ती म्हणाली, कापूस आपल्याकडूनच यायचा ना आई. ती उभी होती, वारा फोनमध्ये फुरफुरत होता, आणि तिच्या मागे, रस्त्याच्या पलीकडे, राखाडी स्वेटरमधला एक माणूस पाठमोरा चालला होता. चालता चालता त्याने डावी बाही झटकली. मी वेदिकाला मागे वळ असं म्हणाले नाही. तो नसता तर एक आणि असता तर दुसरंच, दोन्हींची मला सारखीच भीती वाटली. तो कोपऱ्यावर वळला आणि वेदिका विचारत राहिली, आई, तू गप्प काहून झालीस?

चर्च तिला दगडाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्या घरामागेच सापडलं. घंटा काढून नेलेली, आत आता गालिच्यांचं गोदाम. गुंडाळलेले गालिचे बाकांच्या जागी उभे होते, देवाला आलेल्या माणसांसारखे. मालकाने तिला आत जाऊ दिलं, कारण अधूनमधून असे पूर्वज शोधणारे येतात, म्हणाला. एका कोपऱ्यात कमरेइतकं उंच दगडी भांडं तेवढं राहिलं होतं, फार जड म्हणून कोणी हलवलं नव्हतं. यातलं पाणी डोक्यावर घेऊन देवराव ख्रिस्ती झाले, वीस साली, असं वेदिकाला जुन्या नोंदींत सापडलं होतं. वेदिका भांड्यात वाकून पाहत होती तेव्हा फोनचा कॅमेराही आत गेला आणि मला वाटोळा, कोरडा काळोख दिसला. त्या क्षणी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकले. आपल्याच घरात, आपल्याच कुकरला.

दगडाची बातमी मी दोन दिवस दाबून ठेवली. मग जितेंद्र गुरुजी अमावास्येचं ठरवायला आले तेव्हा त्यांना उगाच विचारल्यासारखं विचारलं, विधी झालेला माणूस परत आला तर? गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला. शास्त्रात त्याचीही सोय आहे, म्हणाले. अशा माणसाला तसाच घरात घ्यायचा नाही. तो मेलेलाच असतो. त्याला तुपाने भरलेल्या मोठ्या भांड्यात बसवायचं, ते भांडं म्हणजे गर्भ, त्यातून बाहेर काढला की जन्म झाला. मग बारसं, मुंज, सगळं नव्याने, आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न. हे सांगताना गुरुजी हसत होते, पण सासूबाई हसल्या नाहीत. मी ते कोरडं दगडी भांडं आठवत होते. वीस साली इथे कन्हानकाठी धूर निघाला आणि त्याच वर्षी तिकडे एक माणूस चर्चमध्ये जाऊन पुन्हा जन्मला. त्याला कळलं कसं? कळवणारं तर कोणी नव्हतं. पत्ताच नव्हता तर कळवणार कुठे. मी गुरुजींना वाटीत बेसनाचा लाडू दिला आणि हा प्रश्न गिळून टाकला.

उत्तर पुढच्या रविवारी आलं. त्या दगडापाशी कोणीतरी ताजी फुलं ठेवत असे. वेदिकाने तिथे चिठ्ठी अडकवून आपला नंबर ठेवला होता आणि एडना नावाच्या म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. देवराव आणि ॲनीच्या मुलीची मुलगी. वेदिका त्यांच्याकडे चहाला गेली आणि बाहेर पडून बसथांब्यावरूनच तिने मला फोन लावला. आवाज इतका सपाट होता की मला वाटलं काहीतरी वाईट झालं. एडनाबाईंनी आईकडून ऐकलेलं सांगितलं होतं. देवराव गिरणीत सुताच्या खात्यात होते. एक दिवस उभ्याउभ्या त्यांनी छातीवर हात दाबले आणि खाली बसले. शर्ट काढला तर छाती भाजलेली, फोड आलेले. आसपास आग नव्हती, वाफ नव्हती. इस्पितळात ते म्हणाले, घरच्यांनी मला उरकलं. बरे झाल्यावर सरळ चर्चमध्ये गेले, तिथून निघाल्यावर ॲनीशी लग्न केलं, आणि पुन्हा कधी नागपूरचं नाव काढलं नाही. फक्त वर्षातून एक दिवस, पानगळ सुरू व्हायच्या सुमारास, ते ॲनीने वाढलेलं ताट मागे सारायचे. आजारी नसायचे, रागावलेले नसायचे. म्हणायचे, माझं जेवण झालं. त्या दिवशी त्यांच्या तोंडाला एक वास यायचा, गोदामात पोतं उघडल्यासारखा. ॲनीला तो कशाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. एडनाबाईंनी वेदिकाला विचारलं, तुला ठाऊक आहे का? वेदिकाने श्राद्धाच्या तिळाचं नाव सांगितलं.

मी वेदिकाला म्हटलं, आजीला सांगू नकोस. तिने सांगितलं. आजीचा आणि तिचा परस्पर व्यवहार आहे, मी त्यात कधीच नव्हते. सासूबाई दुसऱ्या दिवशी उजळलेल्या चेहऱ्याने बसल्या होत्या. एडना आपली नात्यानं नणंद लागते, तिला एक लुगडं पाठवलं पाहिजे, हे आधी झालं. मग म्हणाल्या, म्हणजे पोहोचत होतं वं. आपण वाढलेलं सारं पोहोचत होतं. त्यांच्या दृष्टीने प्रश्नच संपला होता. आता तर विधी केलाच पाहिजे. मी म्हटलं, आई, आगही पोहोचली ना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं. "भाजलं तर भाजलं," त्या म्हणाल्या, "भाजलेलं बरं होते. भुकेलं लेकरू कशानं बरं होते सांग."  गुरुजींना पळसाचे देठ आणायला सांगायचं की नाही, हे नवमीपर्यंत कळवायचं होतं, आणि ते मीच कळवायचं होतं.

त्या आठवड्यात नागपुरात पाऊस थांबला होता आणि ऊन पुन्हा तापलं होतं, भादव्याचं, अंगाला चिकटणारं. मी दुकानात काचा बदलत राहिले. आता नीट दिसतं की मघाशी? खरं सांगते, ते भाजणं मला आवडलं होतं. कुठेतरी धर्मशाळेच्या ओट्यावर, नाहीतर कुठल्या परक्या गावातल्या परक्या घरात, सुमंत बसला आहे आणि एकाएकी छातीवर हात दाबून वाकतो, हे मी दिवसातून कितीदा मनात चालवून पाहिलं याचा हिशेब नाही. बारा वर्षांनी त्याला माझ्याकडून काहीतरी मिळालं असतं. मग लगेच ती छाती दिसायची, उजव्या बाजूला लहान तीळ असलेली, ज्यावर बाळ वेदिका बोट ठेवून झोपायची, आणि माझ्या हातातली काच घामाने निसटायची. तो मेला असेल तर विधी करणं बरोबर. तो जिवंत असेल तर विधी करणं म्हणजे त्याला आपल्या हाताने जाळणं. आणि तो उपाशी असेल तर न करणं हीच क्रूरता. एवढं सगळं माझ्या एका होकारात कोंबून ठेवून घरचे लोक निवांत जेवत होते. गिरिधर एकदा जिन्यात म्हणाला, वहिनी, तुम्ही म्हणाल तसं. मला त्याचा राग आला. देवरावांच्या बायकोला कोणी विचारलं होतं का, आणि तिने काय म्हटलं असेल? तिचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मी सासूबाईंना विचारलं. त्यांनाही आठवेना.

दोन्हीकडून विचार करून मी इतकी दमले होते की अष्टमीच्या संध्याकाळी मी चक्क इतवारीत जाऊन भांडीबाजारात एक मोठं पातेलं किती रुंद मिळतं ते पाहून आले. माणूस बसेल एवढं. हातगाड्यांच्या गर्दीत उभी राहून मी दुकानदाराला विचारत होते, याहून मोठं नाही का, आणि तो म्हणाला, किती माणसांचा स्वयंपाक आहे ताई? मी म्हटलं, एकाच. तो माझ्या कपाळाकडे पाहून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

नवमीला मिनलचं असतं. नवऱ्याच्या आधी, कुंकवासकट गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला नवऱ्याने करायचं, अविधवा नवमी म्हणतात तिला. मिनलच्या नावाने एक सवाष्ण जेवायला घालायची, तिची ओटी भरायची. चार वर्षं ती सवाष्ण मीच होते. दुसरी कोणी मिळत नव्हती असं नाही, पण गिरिधरने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की वहिनीच बसतील, मिनलला त्यांच्या हातची भाजी आवडायची. यंदा सगळ्यांच्याच मनात असणार की हे शेवटचं. अमावास्येनंतर मी सवाष्ण राहणार नव्हते. गुरुजी सकाळी येऊन गेले. गिरिधरने पिंड केले, तीळ सोडले, गच्चीवर घास ठेवला, आणि कावळा लगेच शिवला. मिनल समजूतदार होती, तिने कधी कोणाला ताटकळत ठेवलं नाही. जाताना गुरुजी दारात म्हणाले, संध्याकाळपर्यंत कळवा. मग मला पाटावर बसवलं. केळीचं पान, बाजूला समई, मिनलचा हसरा फोटो. सकाळपासून मी पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता आणि कडकडून भूक लागली होती. गिरिधर स्वतः वाढत होता. वरणभात, त्यावर तूप, दोन भाज्या, वडे, खीर. मी पहिला घास कालवला आणि तोंडाशी नेला, आणि तो आत जाईना.

मळमळ नव्हती. घसा दाटून वगैरे आला नव्हता. पोट भरलेलं होतं, एवढंच. आकंठ जेवून उठल्यावर भरलेलं असतं तसं, जड आणि निवांत. क्षणापूर्वी भूक होती त्या जागी आता कोणीतरी येऊन बसल्यासारखं झालं. मी घास पानात ठेवला. जिभेवर चव होती, पानातल्या कशाचीच नव्हे अशी. गार, घट्ट वळलेला भात. काळे तीळ. आणि बोटांना दर्भाचा ओला वास, मी दर्भाला हात लावलेला नसताना. मला समजायला वेळ लागला नाही. इतके दिवस मी तयारी विधी करणाऱ्याच्या बाजूने करत होते, आज विधी माझा होता. तो कुठेतरी आहे. कुठल्यातरी नदीवर, आज सकाळी, उघड्या अंगाने बसला आहे. तिथल्या लोकांनी बायकापोरांची चौकशी केली असेल, बायको वारली असं त्याने सांगितलं असेल, आणि एकदा सांगितलं की पुतळा जाळण्यापासून पिंडापर्यंत सगळं करावंही लागतं. आग? तीही आली होती. गेल्या पौषात, दुकानात सगळे स्वेटर घालून बसलेले असताना, माझी छाती एकाएकी अशी पेटली की मी मागच्या खोलीत जाऊन अंगावर पाणी मारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय झालं, होतं असं. मीही लगेच मान डोलावली होती. बाईच्या जातीला जळण्याचं कारण कोणीही सांगितलं तरी पटतं.

"जेव ना वं," सासूबाई म्हणाल्या. "काहून थांबली?"

"माझं जेवण झालं," मी म्हणाले.

गिरिधरच्या हातातला खिरीचा डाव तसाच राहिला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या सरळ झाल्या. मला वाटलं आता त्या माझ्यापासून मागे सरकतील, मी त्यांना दोष दिला नसता. पण त्या हातांवर जोर देत पुढे आल्या, अगदी माझ्या पानापर्यंत, आणि माझ्या तोंडाचा वास घेतला, लहान पोराने काही चोरून खाल्लं का पाहतात तसा.

"तीळ होते?"

"होते."

"मीठ? पिंडाच्या भाताले नसते."

"नव्हतं."

"मंग जिता आहे माझा पोरगा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड आधी हसायला आणि मग रडायला लागलं. बारा वर्षांत त्या अशा मोकळ्या रडल्या नव्हत्या. गिरिधरला त्यांनी सांगितलं, गुरुजीले फोन लाव गा, म्हणावं काही देठबिठ नको आणू, अमावास्येचं काही नाही. मग त्याचा चेहरा पाहून पुन्हा म्हणाल्या, अरे जिता आहे तो, ज्याच्या हातून पिंड पडते तो उपाशी असन का, चार माणसांत असन, स्वतःही जेवला असन. त्यांनी माझं न उष्टावलेलं पान आपल्याकडे ओढून घेतलं आणि वड्याचा तुकडा मोडून खाल्ला, मग दुसरा. इतक्या चवीने जेवताना मी त्यांना फार दिवसांनी पाहत होते. त्याने खाल्लं असेल का, हे त्या दुपारी त्यांनी विचारलं नाही. सुमंत जाळला जाणार नव्हता. मला हवं तेच झालं होतं. मी पाटावर तशीच बसून राहिले, कपाळावर कुंकू, मांडीवर मिनलच्या नावाची ओटी, आणि माझ्यासाठी सुतक कोणाला पाळावंसं वाटलं नाही.

गिरिधर फोन लावायला उठला नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता, आणि या घरात माझं काय झालं ते त्याला एकट्यालाच कळलं होतं, कारण बायकोचे पिंड करायला बसण्याचा अनुभव त्याला एकट्यालाच होता. त्याची मान खाली गेली. मी त्याला विचारलं, "भाऊजी, मिनलचं पिंडदान करताना तुम्ही रडला होता?"

त्याने खिरीचा डाव भांड्यात ठेवला.

"पहिल्या वर्षी रडलो होतो, वहिनी."

माझंही पहिलंच वर्ष होतं. मी तोंडात पुन्हा एकदा जीभ फिरवून पाहिली. भात होता, तीळ होते, दर्भाचा वास होता. खारट काही नव्हतं.